फवाऱ्याचं इंजिन

"धा जणांच्या पाठीवर फिरलेलं इंजिन, आन् ह्यानं खेळण्यात घातलं," माझ्या मागं बसलेले आमच्या भावकीतले बंडप्पा शेजाऱ्याच्या कानात कुरकुरले. माझा कान त्याच्याहून जवळ होता.

सोसायटीच्या ओट्यावरची ती बैठक आमच्या मालकांपायीच बसली होती. मालक म्हणजे माझे यजमान महांतप्पा, गावाचे पंप दुरुस्त करणारे. पिकावर औषध मारायच्या पाठीवरच्या फवाऱ्याचं हे इंजिन दोन वर्षं सोसायटीच्या गोदामात उंदरांना सोबत करत होतं. चेअरमन कोंडीराम "ने, काय करायचं ते कर" म्हणाले, म्हणून यांनी आणलं. उमरग्याच्या एका डॉक्टरांनी रेडिओवर लांबून चालवायची मोडकी खेळातली गाडी दिली होती, हातभर लांब, तिच्यात बसवलं. रविवारी हैदराबादेत तिची शर्यत. आणि चेअरमनना आता इंजिन परत हवं होतं, उद्याच, होतं तसं. फवारणी तोंडावर आली म्हणे.

होतं तसं ते आता होणार नव्हतं. फवाऱ्याचं इंजिन एका चालीनं चालतं, घाण्याच्या बैलासारखं. शर्यतीत वळणावर दबून लगेच उसळावं लागतं. म्हणून यांनी हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, लेथवर घासून घेतलं, धूर जायची वाट कानशीनं रुंद केली, आतलं जड चाक हलकं केलं. पहिल्यांदा सोडली तेव्हा गाडी शेजारच्या धुळाप्पांच्या धोतराखालून गेली. शिव्या देता देता म्हातारा तीनदा "अजून एकदा" म्हणाला.

बैठकीत मात्र सगळे कारण विचारत होते. दुष्काळात असलं सुचतं कसं? हात बसतो, उद्या पंपाच्या कामाला येतो, असं यांनी सांगून पाहिलं. खोटं नव्हतं, पुरतं खरंही नव्हतं. शेवटी म्हणाले, "बनवणाऱ्यानं ठरवलं त्याहून जास्त पळतंय का, ते बघायचं हुतं."

मग फवारणी रेडिओनं करायची का, असं चेअरमननी विचारलं. लोक हसले आणि खाली बघायला लागले.

आमच्याकडं पेरणीला चाड्यावर मूठ धरली की मळणीचं खळं होईस्तोवर रानाबद्दल वंगाळ बोलत नाहीत. सलग तिसरं साल कोरडं, तरी जो तो "पाऊस जरा लांबलाय" एवढंच म्हणायचा.

मी उठले. बंडप्पांनी मला खाली बसवायला पदराला हात लावण्याआधीच चेअरमनकडं बघून बोलले.

"रविवारपस्तोर इंजिन मिळणार न्हाय, भाऊजी. आन् फवारायचं कशावर? पीक गेलंय. आमचं गेलंय, तुमचं बी गेलंय."