इरकलीची धावपट्टी

संध्याकाळ उतरली ती केशराच्या पावलांनी, कोथरूडच्या गच्चीगच्चीवरून, वाळत्या कपड्यांना सोन्याची किनार लावत. त्या केशरवेळी, त्या सोनवेळी हेमलता झोपाळ्यावर बसून फोनमधलं विमान बघत होती. डाळिंबाच्या दाण्याएवढं विमान. निळ्या नकाशावर मुंगीच्या चालीनं मुंबईहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेलं.

अंतर साडेतेरा हजार किलोमीटर. वेळ सोळा तास. आणि त्यात, खिडकीजवळ, तिची विहीण.

पहिलं बाळंतपण माहेरचं, ही रीत. सून साता समुद्रांपार, म्हणून माहेरच उडत निघालेलं. परवा जन्मलेला नातू, कमळकळीच्या मुठींचा, काजळमेघ जावळाचा. आणि त्याला आधी उचलणार मंदाकिनीबाई. मंदाकिनीबाईंचे हात. मंदाकिनीबाईंची मांडी. हेमलतेच्या उरात मत्सराचा नाग वेटोळं घालून बसला, फणा काढून डुलू लागला.

"अहो, वारा उलटा असला तर विमानाला उशीर होतो ना?"

"होतो की." अच्युतराव मिशीत हसले. "पण विहीणबाईंना वारासुद्धा वाट देतो. बघ, बर्फाचे देश आले. आता ज्यूस पीत असतील."

"तुम्ही गप्प बसा."

ते शाल आणायला आत गेले आणि भलतंच घेऊन आले. मोतिया रंगाचं, मऊमऊ, लहानसं दुपटं.

"हे गं कुणाचं?"

"त्यांची बॅग जड झाली होती," हेमलता नकाशाकडे बघत म्हणाली.

झालं होतं असं. बाळाला कोरं कापड लावायचं नाही. आजीचं जुनं, धुऊन धुऊन सायीसारखं झालेलं लुगडंच त्याच्या अंगाला लागायचं. दोन आज्या, दोन लुगडी, दोन दुपटी. सकाळी विमानतळावर बॅग काट्यावर चढली, काटा रुसला. हेमलता मदतीला धावली. पापड काढले, लोणचं काढलं, हळूच ते मोतिया दुपटंही काढलं. आणि लाडवांच्या डब्याखाली सरकवलं स्वतःच्या हिरव्या इरकलीचं.

"अगं चोरटे," अच्युतराव म्हणाले, आणि झोपाळा हसून हसून करकरला.

रात्र सरली. सकाळ प्राजक्ताच्या देठांनी रंगली, तेव्हा फोन वाजला. विहिणीचा निरोप होता: 'हेमाताई, हातचलाखी कळली हो. तुमचं सोडून दुसऱ्या कशात झोपतच नाही लबाड. माझं जपून ठेवा.'

खाली फोटो. हिरवी हिरवी इरकल, दोन्ही कडांना लाल काठाची दिवेलागण, आणि मधोमध नऊ महिन्यांच्या आभाळातून उतरलेलं चिमणं विमान, पंख मिटून, निजलेलं.

हेमलता बघत राहिली. मोतिया दुपटं नकळत मांडीवर पसरलं गेलं. रिकामं, ऊबदार, वाट बघणारं. नाग उठला, वळला, पुन्हा बसला. आता तिला हेवा वाटत होता तो आपल्याच जुन्या लुगड्याचा, जे तिच्याआधी पोचलं होतं.