उशीचं खोटं मूळ

मामांचं पुस्तक पोस्टाने आलं. पहिल्या पानावर त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं, 'भाचीस, सप्रेम.' रोजच्या इंग्रजी शब्दांची मुळं सांगणारं पुस्तक, गुळगुळीत कागद, मागे मामांचा हसरा फोटो. मी वाचायला बसले ती कौतुकानेच. दहाव्या पानाशी मी आमच्या कचेरीचा इंग्रजी शब्दांच्या मुळांचा कोश काढून शेजारी ठेवला.

'नाइस' म्हणजे एके काळी मूर्ख, 'सिली' म्हणजे एके काळी पुण्यवान. ही माहिती कुणाच्या बापाची नाही, कुणीही लिहावी. पण आमच्या कोशातले परिच्छेदच्या परिच्छेद? 'मसल'चं मूळ लॅटिनमधला छोटा उंदीर, हे खरंच आहे. त्यापुढे आमच्या कोशात लिहिलंय, 'माझ्या दंडातला उंदीर मात्र उपाशी मेला असावा.' हा विनोद आमच्या टंकलेखक बाईंचा. त्या काडीसारख्या, म्हणून तो त्यांना शोभला. मामांचे दंड पैलवानाचे, तरी विनोद जसाच्या तसा! चोरी करताना माणसाने निदान स्वतःच्या दंडाकडे तरी बघावं.

आमच्या कोशकचेरीत एक रीत आहे. कोश पूर्ण झाला की प्रमुखाने एकाच शब्दाचं मूळ मुद्दाम खोटं रचायचं. शब्द कोणता आणि खरं मूळ काय, ते चिठ्ठीवर लिहून पाकीट बंद करायचं आणि आपल्या खणात कुलपात ठेवायचं. पुढच्या आवृत्तीत चूक दुरुस्त होते. मधल्या काळात ते खोटं दुसऱ्या कुणाच्या पुस्तकात उगवलं, की चोर सापडला. प्रमुखाशिवाय तो शब्द कुणालाच ठाऊक नसतो. ही रीत मामांनी सुरू केली. ते निवृत्त झाले आणि प्रमुखपद नि पाकीट माझ्याकडे आलं.

मी निवडली होती उशी. 'पिलो'चं खरं मूळ लॅटिनमध्ये, तिथेही अर्थ उशीच, त्यात काही गंमत नाही. मग मी डबा खाता खाता एक मेंढपाळ रचला. तो डोंगरावर डोक्याखाली लोकरीची वळकटी घेऊन झोपतो आणि त्या वळकटीला त्याच्या बोलीत म्हणे 'पिल्ल' म्हणतात. धादांत थाप.

मामांच्या पुस्तकात पान शहाण्णव. मेंढपाळ हजर, वळकटीही हजर.

कचेरीच्या मालकांनाही वास आला होताच. "उद्या अकराला पाकीट घेऊन या," ते म्हणाले. "तो शब्द तुमच्या मामांच्या पुस्तकात असेल तर पुस्तक बाजारातून उचलायला लावू. नसेल तर विषय संपला."

बाबा गेल्यावर मामांनीच मला सांभाळलं होतं. शाळेची वह्या-पुस्तकं त्यांची, या कचेरीतली पहिली खुर्चीही त्यांच्याच शब्दावर मिळालेली. दुसऱ्या बाजूला टंकलेखक बाई आणि तिघे कारकून. अकरा वर्षं धूळ खात त्यांनी कोशासाठी एकेका शब्दाची चिठ्ठी लिहिली होती, आणि पुस्तकात त्यांचा साधा उल्लेखही नव्हता. मला एकच आशा होती, की मामांना लाज वाटेल. त्यांनी स्वतः मालकांकडे जाऊन कबूल केलं असतं तर पाकीट फोडायची वेळच आली नसती. म्हणून दुपारीच मी त्यांच्या घरी गेले.

मामा टेबलाशी बसून बिस्किट चहात बुडवत होते. बिस्किटाचा अर्धा तुकडा कपात पडला, तो त्यांनी बोटाने काढला आणि बोट चाटलं. लहानपणापासून मी हे पाहत आलेय, पण आज मला शिसारी आली.

"वाचलंस? कसं झालंय?" त्यांनी विचारलं.

"पिलो कुठून घेतलंत, मामा?"

"एका जुन्या कोशातून. दोनशे बारावं पान." पापणीही लवली नाही. "फार गोड गोष्ट आहे ती."

"ती मी रचलीय. डबा खाताना."

मला वाटलं, आता तरी कप खाली ठेवतील. त्यांनी एक घोट घेतला.

"माहीत आहे. मेंढपाळ पाहिला तेव्हाच ओळखलं, ही आपल्या पोरीची करामत."

"मग काढलं का नाही?"

"लोकांना आवडतं ग. आणि पाकीट तुझ्याकडे. तू थोडीच मामाला फासावर चढवणार आहेस?" ते हसले, फोटोत हसतात तसेच. "चिठ्ठी बदलायला किती वेळ लागतो? दुसरा एखादा शब्द लिही आणि मोकळी हो."

"आणि बाकीच्यांची अकरा वर्षं?"

"कारकून आहेत ते," मामा म्हणाले. "त्यांना कोण विचारतं?"

आतून मामीने विचारलं, चहा घेतेस ना? नको, मी म्हणाले. त्या घरात पहिल्यांदाच चहाला नाही म्हणाले असेन. चोरीचं एक वेळ समजून घेतलं असतं. म्हातारपणी नाव व्हावंसं वाटतं माणसाला. पण यांनी माझ्या मायेचा हिशेब आधीच करून ठेवला होता. मला वाढवलं त्याची किंमत त्यांनी पान शहाण्णववर छापून घेतली होती.

मी तिथेच, त्यांच्या समोरच्या खुर्चीत बसून मालकांना फोन लावला.

"पाकीट उद्या आणतेच," मी म्हणाले, "पण शब्द आत्ताच सांगते. पिलो. पान शहाण्णव पाहा."

पलीकडे पानं उलटल्याचा आवाज आला. मामांचा हात बिस्किटांच्या बशीवर तसाच थांबला होता.

"अहो, पण तुम्ही बोलताय कुठून?" मालकांनी विचारलं.

"मामांच्या घरून," मी म्हणाले. "ते समोरच बसलेत. देऊ का त्यांच्याकडे?"