माणशी एक सीलबंद बाटली

बोटीच्या तिकिटाबरोबर नियमांचं जे पत्रक येतं, ते आमच्या घरात माझ्याखेरीज कुणी वाचत नाही. मी दोनदा वाचलं, वर पेन्सिलीने खुणा केल्या. व्हिस्की, रम असलं काही आणायचं नाही. वाइनची मात्र माणशी एक बाटली चालते, पण ती हातातल्या बॅगेत हवी आणि चढतानाच दाखवायला हवी. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की बाटली कारखान्यातून सीलबंद आलेली असावी. ती ओळही मी वाचली, पण मनावर घेतली नाही. ॲल्सीडने पिळून बसवलेलं झाकण उघडायला आमच्या घरी दोन माणसं लागायची. त्याहून सीलबंद ते काय असणार?

ॲल्सीड माझा नवरा. त्याला जाऊन दोन वर्षं झाली. आयुष्यभर रिफायनरीत राबला आणि दर सप्टेंबरात मागच्या कुंपणावरच्या मस्कडाइनच्या वेलींवरून बादल्या भरभरून द्राक्षं काढून शेडमध्ये वाइन घालत बसला. मग ते वादळ आलं. खाडीचं पाणी परसात चार दिवस उभं होतं. मिठाने वेली जळाल्या, शेड बाटल्यांसकट गेली. स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवरची एक बाटली तेवढी वाचली. व्हिस्कीची जुनी बाटली, वर चिकटपट्टीचा तुकडा, त्यावर त्याच्या गिचमिड अक्षरात साल. एवढाच ॲल्सीड माझ्याकडे उरला होता.

लग्नाला चाळीस वर्षं झाली की तुला बोटीवर नेईन, असं तो म्हणायचा. चाळीस वर्षं या ऑक्टोबरातल्या गुरुवारी होत होती. त्याची थोरली बहीण अर्लीन म्हणाली, तो नाही तर मी येते, आणि गुरुवारी जेवताना त्याचीच वाइन पिऊ. माझ्याही मनात अगदी तेच होतं. म्हणून तर मी जायला तयार झाले, नाहीतर पोहण्याच्या कपड्यांतल्या तीन हजार माणसांबरोबर सात दिवस काढायची मला काय हौस?

अर्लीन सत्तरीची. अकरा वेळा बोटीवर गेलेली, आणि अकरा वेळा चोरून दारू नेलेली. ती नियम वाचत नाही, नियमातून वाट काढते. शाम्पूच्या बाटल्या धुऊन त्यात रम भरते. चूळ भरायच्या औषधाच्या बाटलीत व्होडका, आणि त्यात खायच्या रंगाचे दोन थेंब. पुदिन्याचं औषध असेल तर हिरवा, दालचिनीचं असेल तर लाल. मग झाकणावरची प्लास्टिकची पट्टी केस वाळवायच्या यंत्राने गरम करून पुन्हा अशी चिकटवते की दुकानदारही फसावा. आमच्या ब्रिज सिटीतल्या अर्ध्या बायकांनी ही विद्या तिच्याकडूनच उचललीय.

बोट सुटते त्या गॅल्व्हस्टनला आदल्या संध्याकाळी आम्ही मोटेलात उतरलो तेव्हा तिने सगळा कारखाना पलंगावर मांडला होता. माझी बाटली पाहून म्हणाली, "वर्ना, ती उघडी बाटली घेऊन तू त्यांच्यासमोर जाणार? दे इकडे. लाल औषधाच्या बाटलीत बरोब्बर रंग जुळतो तिचा."

"ॲल्सीडची वाइन चुळीच्या बाटलीत?" मी म्हटलं. "थडग्यातून उठून येईल तो."

"येऊ दे की. बऱ्याच दिवसांत भेटला नाही."

मी तिला सांगितलं की मी चाळीस वर्षं मुलांना प्रार्थना शिकवल्या आहेत, या वयात चोरी करणार नाही. बाटली बॅगेत ठेवली आणि आंघोळीला गेले. बाहेर आले तेव्हा ती केस वाळवायचं यंत्र हातात घेऊन बसली होती आणि तोंड एवढंसं करून शिट्टी वाजवत होती.

दुसऱ्या दिवशी तपासणीच्या रांगेत मी स्वतःहून बाटली काढून टेबलावर ठेवली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पहाऱ्यावर डॅनिलो नावाचा फिलिपिनो होता, माझ्या धाकट्या मुलाच्या वयाचा. त्याने बाटली उजेडात धरली, चिकटपट्टी वाचली, झाकणाखाली बोट फिरवलं आणि सील नाही म्हणाला. सील नाही म्हणजे आत काय आहे ते माहीत नाही, आणि माहीत नाही ते पिंपात. पिंप शेजारीच होतं. मी दोन्ही हातांनी बाटली धरली. हे माझ्या नवऱ्याने केलंय, तो नाही आता, गुरुवारी आमचा लग्नाचा वाढदिवस आहे, असं सगळं त्याला सांगितलं. मागची रांग चुळबुळायला लागली. शेवटी त्याने इकडेतिकडे बघून बाटलीला चिठ्ठी बांधली, तिचा अर्धा तुकडा मला दिला आणि म्हणाला की फेकत नाही, पण मिळेल ती उतरण्याच्या दिवशी सकाळी. उतरायचा दिवस म्हणजे रविवार. मी म्हटलं, अरे, रविवारी घेऊन काय करू? त्याने मान खाली घातली आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

अर्लीनने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "चल गं. बाटलीचं काय एवढं. गुरुवारी बघ, गंमत आहे तुला." आणि डोळा मारला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तिच्याच भावाची वाइन, आणि हिला गंमत सुचते.

सामान संध्याकाळी खोलीच्या दाराशी येतं. ज्याच्या बॅगेचा संशय येतो त्याची बॅग खाली एका खोलीत अडकवून ठेवतात आणि मालकाला तिथे जाऊन सगळ्यांदेखत ती उघडावी लागते. त्या खोलीला सगळे वांडांची खोली म्हणतात. मी मनातून, खरं सांगते, देवाजवळ मागत होते की अर्लीनची बॅग तिथे जावो. पण बॅग सरळ दाराशी आली. शाम्पूच्या दोन आणि औषधाच्या दोन, सगळ्या बाटल्या शाबूत. अर्लीनने त्या मोरीतल्या फळीवर नीट लावल्या, शाम्पूतली थोडी रम कोकात ओतली आणि पाय पलंगावर टाकून बसली. मला विचारलं, घेतेस? चोर सोडून संन्याशाला फाशी असं मी म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

सोमवारी सकाळी मी चौकशीच्या खिडकीवर गेले. तिथली मुलगी इतकी गोड हसली की मला वाटलं काम झालं. तिने सगळं ऐकलं, फोन केला, पुन्हा हसली आणि म्हणाली की नियम तोच आहे. मी म्हटलं, गुरुवारी फक्त एक तास द्या, तुमच्या समोर उघडते, हवं तर बाहेरची बाटली जेवणाच्या टेबलावर उघडायचे तुम्ही घेता ते पंधरा डॉलर घ्या. ती म्हणाली की ते पंधरा डॉलर सीलबंद बाटलीचे. मी वरिष्ठाला बोलवायला सांगितलं. वरिष्ठ आला, तोही हसला. त्या बोटीवर नाही म्हणतानासुद्धा हसतात, आणि त्याने माणूस जास्त पेटतो. शेवटी त्याने माझ्या खोलीचा नंबर लिहून घेतला आणि लग्नाच्या वाढदिवसाची भेट म्हणून चॉकलेटात बुडवलेल्या स्ट्रॉबेऱ्या पाठवल्या. बशीत आठ होत्या, आणि चिठ्ठीवर 'सुखी जोडप्याला' असं छापलेलं होतं.

ती चिठ्ठी वाचली आणि माझा तोल गेला. अर्लीन वर बिंगो खेळायला गेली होती. मी मोरीत शिरले आणि फळीवरची पहिली शाम्पूची बाटली बेसिनात उलटी केली. मग दुसरी. रमच्या वासाने मोरी भरली, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मग हिरवी. मग लाल. लाल ओतताना एवढंच मनात आलं की हिने रंग फार घातलाय. वासही घेतला नाही. कसला घेणार, नाक रडून आणि रमने चोंदलं होतं. वरून नळ सोडला आणि चारही रिकाम्या बाटल्या तिच्या उशीवर ओळीने मांडून ठेवल्या. त्या क्षणाला फार बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

अर्लीन आली. उशी बघितली. मी भांडायच्या तयारीने उभीच होते, उत्तरंही तयार होती. तिने एकच विचारलं, "लालसुद्धा?"

"लालसुद्धा," मी म्हटलं. "प्रामाणिक माणसाची जप्त होणार आणि तू सात दिवस ढोसत बसणार, असं नाही चालायचं."

ती खाली बसली. लाल बाटली दोन्ही हातांत धरली. मग झाकण लावून ती आपल्या बॅगेत ठेवली आणि म्हणाली, "बरोबर आहे तुझं." बस्स. अर्लीन, जी पोकरमध्ये पाच डॉलर हरली तरी आठवडाभर शिव्या देते, ती एवढंच बोलली. मला वाटलं, लाजली. एकदा तरी कुणी हिला लाजवलं याचा मला आनंद झाला.

पण चौकशीच्या खिडकीवर मी रोज जातच राहिले. मंगळवारी गेले, बुधवारी गेले. गुरुवारी दुपारी बोट बंदरात असताना डॅनिलोला शिडीपाशी गाठून त्यालाही सुनावलं. तो बिचारा उन्हातून किनाऱ्यावरून परतणाऱ्या माणसांच्या पिशव्या तपासत होता. अर्लीन म्हणायची, सोड गं, कशाला जीव जाळतेस. मी म्हणायचे, तुला काय, तुझ्या नवऱ्याची नव्हती.

गुरुवारी जेवताना तिने बोटीवरची महागातली बाटली मागवली आणि स्वतः पैसे दिले. पेला उचलला, "ॲल्सीड," एवढंच म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. मी दोन घोट घेतले. आंबट होती. मी विचारलं, "आणि तुझी ती गंमत कुठे गेली?"

"गंमत कसली," ती म्हणाली. "उगीच बोलले होते."

रविवारी सकाळी खालच्या दालनात जप्त बाटल्या परत द्यायचं टेबल लागलं. चिठ्ठी दाखवली, बाटली मिळाली. चिकटपट्टी, साल, त्याचं अक्षर, सगळं जागच्या जागी. मी ती पोटाशी धरून कस्टममधून बाहेर आले. अर्लीन वाटेत दोनदा म्हणाली की आता घरी ने, फळीवर ठेव, उघडू नकोस, आठवण म्हणून राहू दे. मला वाटलं, तिला अजून त्या रमचं मनात आहे. माझंही मन जरा मऊ झालं होतं. मी म्हटलं, तीन दिवस उशीर झाला तर झाला, तू त्याची बहीण आहेस, आपण दोघी इथेच पिऊ.

गाडी वाहनतळावर होती. गाडीत बसलो. दाराच्या कप्प्यात प्लास्टिकचे दोन पेले होते. मी बाटली गुडघ्यांत घट्ट धरली, रुमाल गुंडाळला, दात आवळले आणि झाकण पिळलं.

झाकण एका हाताने फिरलं.

मी पेल्यात ओतून एक घोट घेतला. द्राक्षाचा रस होता. दुकानातला, लहान मुलांच्या डब्यात देतात तो, जांभळा आणि गोडमिट्ट. मी दुसरा घोट घेतला, कारण पहिल्यावर विश्वास बसेना. मग मोटेलमधली ती शिट्टी आठवली. केस वाळवायचं यंत्र आठवलं, आणि तिचे केस तर कोरडे होते. मग मोरीतलं बेसिन आठवलं, आणि त्यातून गोल फिरत गेलेला तो लाल रंग.

अर्लीन समोरच्या काचेतून बाहेर बघत होती.

"लाल बाटली," मी म्हटलं.

"हं."

"मला सांगितलं का नाहीस?"

"आधी सांगितलं असतं तर तपासणीत तुझा चेहरा बोलला असता. गुरुवारी सांगणार होते. आणि नंतर काय सांगायचं होतं? सांगून ती परत आली असती?"

"सहा दिवस मी त्या पोरीच्या डोक्यावर बसले. डॅनिलोला नाही नाही ते बोलले. तुला बोलले. अर्लीन, तो तुझा भाऊ होता."

"म्हणून तर गप्प बसले. तू लोकांवर चिडत होतीस ना, म्हटलं चिडू दे. स्वतःवर चिडलीस तर तुला सोडवायला कोण येणार?"

मला ओरडायचं होतं. कुणावर तरी ओरडायची मला सात दिवसांत सवयच लागली होती. तिने मला न विचारता बाटली उघडली होती, यावरून भांडता आलं असतं. पण तिने ती वाचवली होती. वाइन बोटीवर चढली होती, माझ्या हाताच्या अंतरावर फळीवर होती, गुरुवारपर्यंत नुसती राहायला हवी होती. नियमाने तिला हात लावला नव्हता. बेसिनापाशी मीच होते.

"झाकण कसं उघडलंस?" मी विचारलं.

"मोटेलच्या दाराच्या फटीत धरून. दोन नखं मोडली. मेल्याने हयातभर कुणाला सुखाने एक झाकण उघडू दिलं नाही."

मी हसायला गेले आणि रडले. ती रडली नाही, तिचं सोमवारीच रडून झालं असणार, मला ऐकू येणार नाही अशा ठिकाणी. तिने आपला पेला पुढे केला.

"ओत," ती म्हणाली. "बाटली तरी त्याची आहे."

मी दोन्ही पेले काठोकाठ भरले. आमच्यामागे एक गाडी जागेसाठी थांबली होती आणि तिचा माणूस भोंगा वाजवत होता. एरवी मी काच खाली करून त्याला दोन शब्द सुनावले असते. आम्ही रस संपवला, मी झाकण लावलं, हाताला जमेल तितकं घट्ट पिळलं, आणि गाडी काढून त्याला जागा करून दिली.