दोन्ही बाजूंना आठ-आठ

प्रतिभाचं पत्र नोव्हेंबरात आलं. उत्तर लिहीपर्यंत असू दे म्हणून मी ते वाचत्या पुस्तकात खूण म्हणून ठेवलं. मार्चपर्यंत त्या पत्राने माझ्याबरोबर सहा पुस्तकं संपवली.

शिरूरच्या वाचनालयात मी ग्रंथपाल होतो तेव्हा प्रतिभा माझी मदतनीस होती. आता ती दौंडला मुलींची अभ्यासिका चालवते. तिने लिहिलं होतं, "आप्पा, तुम्ही फोन उचलत नाही, उचललात तर 'बरं' म्हणून ठेवता, म्हणून पत्र. एका पतसंस्थेने आम्हाला आठ जुने संगणक दिलेत. वरवंड-पाटसहून मुली टायपिंगच्या परीक्षेसाठी येतात, पण यंत्रं इतकी सुस्त की अक्षर उमटेपर्यंत पुढचा शब्द विसरतो. तुमच्या घरी जो जुना संगणक आहे, त्यातलाच बोर्ड यांच्यात आहे. त्याला चार कोअरचा प्रोसेसर आणि आठ जीबी मेमरी चालेल का? नेमकी कोणती घेऊ? वर्गणी एकदाच मिळते. चुकून चालणार नाही."

हे शेवटचं वाक्य मला नडलं. पाच वर्षांपूर्वी मी एका शाळेला मेमरी सुचवली होती. ती पट्टी खाचेत बसलीच नाही, आणि मुख्याध्यापकांनी चारचौघांत विचारलं, "हेही पुस्तकातच वाचलं होतं का?" तेव्हापासून मी कुणाला काही सुचवत नाही.

तरी डिसेंबरात मी स्वतःसाठी म्हणून चार-चार जीबीच्या दोन पट्ट्या आणल्या. जुनी मेमरी डीडीआर-थ्री जातीची होती, नवीही त्याच जातीची. बसल्याही नीट. बटण दाबलं तर तीन शिट्ट्या झाल्या आणि पडदा काळाच राहिला. जुनी परत लावली तर सगळं सुरळीत. 'चालेल' लिहायला पुरावा नव्हता आणि 'चालत नाही' लिहायला मन होत नव्हतं. मग मी पुढचं पुस्तक घेतलं.

गेल्या आठवड्यात तिचं पोस्टकार्ड आलं. "आप्पा, आता उत्तर नको. एकतीस तारखेला भंगारवाला संगणक न्यायला येतोय. तुमची तब्येत बरी आहे ना, तेवढं कळवा."

सुषमाने, माझ्या बायकोने, ते माझ्याआधी वाचलं होतं. "पोरीला वाटतंय तुम्ही आजारी आहात," ती म्हणाली. "आहात का?"

मी संगणक पिशवीत घालून विश्वजीतच्या दुकानात गेलो आणि पत्राची सगळी हकीकत सांगितली. बाजारपेठेत दुरुस्तीचं दुकान चालवणारा हा चाळिशीचा माणूस मला बरा वाटतो, कारण तो एकटाच दोघांचं बोलतो.

"आप्पा, ह्यो बोर्ड म्हातारा झालाय. त्याला किती घास भरवशीला?"

"पण माहितीपुस्तिकेत आठ जीबी चालते असं लिहिलंय."

"पुस्तिकंत लय लिवत्यात."

मी त्याच्याकडे जुन्या पट्ट्यांचा डबा मागितला. कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून एकेक पट्टी भिंगाखाली धरू लागलो.

"आप्पा, ती काय पोथी हाय व्हय, भिंगानं वाचाया?"

माझ्या संगणकातली चार जीबीची मूळ पट्टी उलटून पाहिली तर तिच्या दोन्ही बाजूंना आठ-आठ काळ्या चिपा होत्या. नवी पट्टी उलटली, तिची मागची बाजू कोरी होती. तेवढीच चार जीबी तिने एका बाजूच्या आठ चिपांत कोंबली होती. एवढी दाट भरलेली चिप या जुन्या बोर्डाला वाचताच येत नसेल का? डब्यात सोळा चिपांच्या, चार जीबीच्या दोन पट्ट्या सापडल्या. लावल्या. एकच शिट्टी झाली आणि पडद्यावर आठ जीबी दिसली.

"आयला," विश्वजीत म्हणाला. "मला वाटायचं बोर्डच खराब असत्यात. मी असले धा तरी फेकलं असतील."

मग प्रोसेसर. त्याच्याकडे जुन्या यंत्रातून काढलेला चार कोअरचा होता. तो जागेवर अगदी बरोबर बसला, पण पडदा पुन्हा काळा. माझा हात लगेच झाकण लावायला गेला.

"थांबा की. बोर्ड त्याला वळखत न्हाई म्हंजी." त्याने समजावलं, की बोर्डाच्या पोटात बायोस नावाचा छोटा प्रोग्राम असतो आणि कोणकोणते प्रोसेसर चालवायचे ते त्यात ठरलेलं असतं. आमच्या बोर्डातला बायोस या प्रोसेसरच्या आधीचा होता. "जुना परत बसवायचा, त्याच्यावर बोर्ड चालू करायचा, नवा बायोस भरायचा, मग हे पाव्हणं आणायचं. पर भरताना लाईट गेली तर बोर्ड कायमचा मेला."

त्या संगणकात माझी वाचनालयातल्या तीस वर्षांची टिपणं आहेत. विश्वजीतने आधी ती पेनड्राइव्हवर उतरवून घेतली, संगणक यूपीएसला जोडला, सगळी तयारी केली आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली.

"बटण तुमीच दाबा. बिघडलं तर माझ्यावर नको."

"तुम्हीच दाबा ना."

"आप्पा, चार म्हैनं तुमी काय केलं?"

मी दाबलं. पडद्यावरची पट्टी मुंगीच्या चालीने सरकत होती. मी आकडे मोजत होतो आणि विश्वजीत यूपीएसच्या दिव्यावर नजर ठेवून होता. ती शंभरावर पोचली. प्रोसेसर बदलला, वर उष्णता वाहून नेणारी पेस्ट लावली, पंखा चढवला. बोर्डाने त्याला नावानिशी ओळखलं. मी मराठीत एक ओळ टाइप केली तर अक्षरं बोटांबरोबर धावत होती.

घरी येऊन पत्र लिहायला बसलो. तीन खर्डे फाडले. पहिल्या तिन्हींत क्षमाच इतकी होती की मेमरीला जागा उरली नव्हती. चौथ्यात असं लिहिलं:

"चि. प्रतिभास, तब्येत बरी आहे, नुसता धीर नव्हता. चालतं, मी करून पाहिलं. चार जीबीच्या दोन पट्ट्या, डीडीआर-थ्री, दोन्ही बाजूंना आठ-आठ चिपा असलेल्याच घे. खाली चित्र काढलंय. प्रोसेसर बदलण्याआधी जुन्यावरच बायोस नवा करायचा आणि यूपीएस लावूनच करायचा. भंगारवाल्याला परत पाठव. सोमवारी, तीस तारखेला मी येतो, पहिलं यंत्र आपण दोघं करू. त्याआधी फोन केलास तर उचलीन."

शिरूरहून टाकलेलं पत्र वेळेत पोचेल याची खात्री वाटेना. म्हणून शुक्रवारी सकाळीच एसटीने दौंडला निघालो.

"दौंडला जाताच आहात तर तिच्या हातातच द्या की," सुषमा म्हणाली.

"बघू," मी म्हणालो.

अभ्यासिकेची खिडकी उघडी होती. आतून कळफलकांचा आवाज येत होता, दोन-तीन टकटक, मग लांब थांबा, पुन्हा टकटक. प्रतिभा पाठमोरी उभी राहून कुणाला तरी काही दाखवत होती. मी दारापर्यंत गेलो. पण हातात दिलं असतं तर ती वाचत असताना मला समोर उभं राहावं लागलं असतं.

पोस्टाच्या खिडकीवर विचारलं, "आज टाकलं तर इथल्या इथे कधी मिळेल?"

"उद्या सकाळी, काका."

बाहेर लाल पेटीशी उभं राहून पत्ता पुन्हा एकदा वाचला. मग पाकीट उलटून मागची बाजूही पाहिली. तिथे माझं नाव आणि फोन नंबर लिहिला होता. पाकीट पेटीत सोडलं.