सटवाईच्या वहीतलं इंग्रजी

मी शंभर पानांची वही बोलून राहिले. जरा जवळ या, मोठ्यानं बोलायची सोय नाही. मनकर्णाबाई ओसरीत बसली आहे अन् तिचे कान लई तिखट.

कारखान्यातलं मला काही आठवत नाही. डोळे उघडले ते पांढुर्ण्याच्या एका दुकानात. शालिकरामजींनी मला मागितलं तेव्हा दुकानदारानं विचारलं, "कितवीत हाय लेकरू?"

"पाच दिवसाचं हाय. नात."

दुकानदार हसला नाही. त्यानं माझ्यासोबत एक नवा पेन काढून दिला. आमच्याकडे हे सगळ्यांना ठाऊक असतं. बाळाच्या पाचवीला सटवाई येते अन् त्याचं नशीब लिहून जाते. तिच्यासाठी कोरी वही अन् पेन पाटावर ठेवतात.

माझ्या पहिल्या पानावर हळदीकुंकवाची बोटं उमटवली. बाजूला ती पोर, दामिनी, मुठी आवळून निजलेली. सकाळी सगळ्यांनी मला उलटून पाहिलं. मी कोरीच होते. "तिचं लिवलेलं माणसाले दिसत नाही," असं म्हणून सगळ्यांनी हात जोडले. मला मात्र त्याच दिवशी पहिला संशय आला. मी तर रात्रभर उघडीच होते, मला कोणी हात लावला नव्हता. पण वहीची साक्ष कोण घेते?

सव्वा महिन्यानं दामिनीची आई, म्हणजे शालिकरामजींची लेक सुचिता, माहेराहून रामाकोन्याला सासरी आली. तिच्या पिशवीतून मीही आले. सासूनं, म्हणजे मनकर्णाबाईनं, मला लाल फडक्यात बांधून पेटीत ठेवलं. "याच्यात कोणी लिवाचं नाही," ती म्हणाली. "नाही तं पोरीच्या नशिबावर रेघोट्या पडतीन." चार वर्षं मी डांबराच्या गोळ्यांचा वास घेत पडून राहिले.

यंदा दामिनीला सौंसरच्या इंग्रजी शाळेत घातलं. तेव्हापासून सुचिताचं सुख गेलं. ती स्वतः सातवी शिकलेली, तीही मराठी शाळेत. शाळेच्या डायरीत रोज दोन ओळी इंग्रजीत यायच्या अन् हिला वाटायचं, पोरीची तक्रारच असेल. बसवाल्यावर संशय, डब्यावर संशय. बाई पोरीला मारत तर नसतील, म्हणून ती रोज दामिनीची पाठ उघडून पाहायची. नवरा, राजू, बोरगावच्या कंपनीत. इंग्रजीचं मराठी करून देणारा फोन त्याच्या खिशात, तो घरी येईपर्यंत डायरी मुकी.

एकदा राजूची रात्रपाळी होती, डायरीतली ओळ तशीच राहिली अन् सकाळी वर्गातली सगळी लेकरं पिवळे कपडे घालून गेली. दामिनी एकटी निळ्यात. पोर बसमधून उतरली ती हुंदके देतच.

दुसऱ्या दिवशी सुचिता शाळेच्या फाटकावर जाऊन उभी राहिली. दामिनीच्या वर्गाच्या करुणा मॅडम म्हणाल्या, "ताई, सारी डिक्शनरी नका धरू. 'टेक' हा एकच शब्द धरा. डायरीत तोच जास्त येते. रोज त्याचा एक अर्थ विचारत जा."

आता लिहायचं कशावर? नवी वही मागितली तर "कायले पाह्यजे?" म्हणून दहा जण विचारतील. सुचितानं पेटी उघडली. कुंकवाचं पान तिनं सोडलं अन् दुसऱ्या पानावर पेन टेकवला.  माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

पण काय सांगू, तो शब्द मोठा लबाड निघाला. औषध घ्यायचं तरी तोच, बूट काढायचे तरी तोच. फोटो काढायचा, बस पकडायची, नाचात भाग घ्यायचा, सगळीकडे हाच उभा. एखाद्या कामाला वेळ लागतो तिथंही हा. परीक्षेपाशी तर सुचिता अडूनच बसली. आपल्याकडे लेकरू परीक्षा देते अन् मास्तर घेतात. इंग्रजीत लेकरूच घेते म्हणे. "मंग मास्तर काय करतात?" असं तिनं समासात लिहून ठेवलं. मॅडमवरही तिचा पुरता भरवसा नव्हता. एकच अर्थ ती दोन दिवसांनी पुन्हा विचारायची, दोन्ही वेळा सारखाच सांगतात का ते पाहायला.

अकराव्या पानावर आम्ही सापडलो.

"काय लिवून राहिली वं? कोणाले चिठ्ठी?" मनकर्णाबाई दारातच उभी.

"डायरीचं आहे, आई."

"डायरी तं निळी हाय. हे लाल फडकं कोठून आलं?"

 मनकर्णाबाईनं मला ओढून घेतलं अन् माझी पानं उलटून पाहिली. "सटवाईच्या वहीत! अवं, पोरीच्या जिवाचं तं पाह्याचं!"

तिसऱ्या दिवशी दामिनीला ताप भरला. सौंसरच्या डॉक्टरनं बाटली दिली. बाटलीवरची 'टेक'ची ओळ वाचून सुचितानं जेवणानंतर औषध पाजलं. इकडे मनकर्णाबाईनं देवापुढं नवस कबूल केला, ताप उतरू दे, सटवाईची वही कन्हान नदीत सोडीन. दोन दिवसांत ताप उतरला. कशानं उतरला, यावर घरात कोणी बोलेना. कबूल केलेलं मात्र द्यावंच लागतं.

त्या दुपारी सुचितानं माझ्यावर खोडरबर फिरवून पाहिला. शाई गेली नाही, कागदच फाटला. तिलाही खात्री नव्हती हो. पोरीचं नशीब खरंच आपल्या अक्षराखाली दबलं असेल तर?

सकाळी दोघी नदीवर गेल्या. कन्हानेला गढूळ पाणी होतं. मनकर्णाबाईनं मला फडक्यातून काढलं, पण लगेच सोडलं नाही.

"आधी वाच. मी काय सोडून राहिली ते तं मले माहीत पाह्यजे."

सुचितानं वाचलं. बूट काढणे, फोटो काढणे, भाग घेणे, वेळ लागणे. मनकर्णाबाई भुवया चढवून ऐकत होती.

"एकट्यानं येवढी कामं? घरची सून हाय काय तो?"

सुचिताला हसू आलं. "आपल्याकडे 'लागणे' नाही का, आई? भूक लागते."

"ठेच लागते," मनकर्णाबाई म्हणाली. "झाडाले संत्रा लागते. नजर लागते." इथं ती थांबली.

सुचितानं माझा कोपरा धरला. "पोरीचं काही वाईट होत असन तं मीच फेकते हिले. पण डायरी मले समजली नाही, तं माही पोरगी पुन्हा एकटी बसन. दुसरी वही घेतली तरी माही लिवायची हिंमत नाही होणार आता."

 मनकर्णाबाईनं माझं पहिलं पान धरलं अन् टरकन ओढलं. कुंकवाचं पान पाण्यावर गेलं.

"तेवढंच सटवाईचं. बाकीच्याले तिनं चार सालात हात नाही लावला." मग नदीला दटावल्यासारखं म्हणाली, "पोचलं म्हणजे पोचलं."

वहीचं पहिलं पान निघालं की त्याचं जोडपान, शेवटचं, आपोआप सुटतं. ते सुचितानं डिंकानं चिकटवलं. आता मी फळीवर असते, उघड्यावर. सोमवारी डायरीत पुन्हा 'टेक'ची नवी ओळ आली. सुचितानं मला न उघडता वाचली, "उद्या लेकरांना बागेत नेणार आहेत."

"कोण नेणार? किती वाजता?" मनकर्णाबाईनं विचारलं. "मॅडमले इचारून ये. माहा भरवसा नाही."

माझाही नाही. पोरीला साधी शिंक आली तरी मनकर्णाबाई आधी माझ्याकडं पाहते. पुढच्या तापाला काय कबूल करेल, कोणी सांगावं? पानं अजून पुष्कळ उरली आहेत अन् मला ती भरून हवी आहेत.

म्हणून तुमच्या पेटीत माझ्यासारखी एखादी कोरी बांधून ठेवली असेल, तर तिचं फडकं सोडा. सटवाई यायची तेव्हा येईल. तोवर पोरीच्या आईला लिहू द्या.