अण्णाचा हात

“आधी... मेण काढ,” खाटेवरून योगीराज म्हणाला. तीन शब्दांत त्याला मध्येच श्वास घ्यावा लागला.

“काढायलेय की,” त्याची बायको रेणू म्हणाली.

हैदराबादहून आलेलं फायबरचं बॉनेट ती थिनरच्या फडक्यानं पुसत होती. साच्यातून सुटावं म्हणून लावलेलं मेण राहिलं तर वर रंग धरत नाही, हे तिला त्यानंच शिकवलं होतं.

कमलनगरातल्या या पत्र्याच्या शेडात योगीराजनं उभी हयात गाड्या रंगवल्या. तोंडाला कधी रुमाल बांधला, कधी तोही नाही. आता फुप्फुसं गेली होती. रंगाच्या वाफेपासून लांब राहा, असं बीदरच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. पण घर शेडला लागूनच, खाटही शेडकडच्या दारातच. रेणू काम करी, तो खाटेवरून सांगे. गिऱ्हाइकांना याचा पत्ता नव्हता. बॉनेट टाकून जाताना अनिलकुमारनंही विचारलं होतं, “वैनी, रंग अण्णाच मारणार न्हवं?”

“व्हय, तेच,” रेणू म्हणाली होती.

तिनं बॉनेट पॉलिश पेपरनं घासलं. फायबरची कुसळं कोपरापर्यंत रुतली, हातांची आग आग झाली. बारीक भोकं पुट्टीनं बुजवून तिनं पुन्हा घासलं, प्रायमर मारला, तो वाळल्यावर स्प्रे गननं काळा रंग. आता वरचा चकाकीचा कोट तेवढा उरला होता. तेवढ्यात योगीराज भिंत धरत धरत तिच्याजवळ आला.

“गन दे.”

“कामून? डॉक्टर काय म्हनले, इसरलात?”

“मीच मारतो म्हून तू सांगितलीस न्हवं त्याला? मारू दे मंग.”

रेणू गन पाठीमागे धरून उभी राहिली. पण त्याच्या तोंडाकडे तिला बघवेना. तिनं आपला मास्क काढून त्याला बांधला आणि कॉम्प्रेसर चालू केला.

पहिला पट्टा सरळ गेला, ओल्या काचेसारखा. दुसऱ्या पट्ट्याला खोकल्याची उबळ आली. हात जागीच थांबला, बोट मात्र खटक्यावर दाबलेलंच राहिलं. जाड ओघळ बॉनेटच्या कडेकडे सरकू लागला. रेणूनं गन हिसकावली, त्याला कवेत धरून बाहेर नेलं. मास्क काढला, तर ओठ निळे पडले होते.

“बिघडलं,” श्वास परत आल्यावर तो म्हणाला.

“बिघडू द्या.”

दुसऱ्या दिवशी तिनं ओघळ घासून काढला आणि नव्यानं कोट मारला. त्या वेळी योगीराज काहीच सांगत नव्हता.

अनिलकुमार आला. बॉनेटवरून हळूच बोटं फिरवत म्हणाला, “अण्णा, तुमचा हात अजून तसाच हाय बगा!”

रेणू खाली बघत राहिली. योगीराजनं दम गोळा केला.

“माझा न्हाई. हिचा हाय. लई दिवसापसनं... हिचाच हाय.”

“मंग भावाची गाडी बी वैनीकडंच आणतो,” अनिलकुमार म्हणाला.

“आण,” योगीराज म्हणाला. “जाता जाता येक काम कर. माझी खाट मागल्या खोलीत न्हे. हितं पडलं की हात शिवशिवतेत.”

योगीराजला उठवावं तर ते त्याला झेपणार नव्हतं, म्हणून त्याच्यासकटच खाट उचलायची ठरली. रेणूनं पायथा धरला. अनिलकुमारनं उशाकडून खाट धरली, पाय रोवले आणि छाती भरून जोर लावला. खाट झटक्यात वर आली. त्याचा तोल गेला. एवढा जोर लावायची गरजच नव्हती; योगीराजच्या अंगात तेवढं वजनच उरलं नव्हतं.