आबांचा खोकला

"अहो बयाबाई, बोट बाजूला घ्या. मध द्यायचा नाय तिला."

मधात बुडवलेलं बोट आबांच्या नातीच्या, मैनाच्या ओठांपाशी येऊन थांबलं. बयाबाई शेजारच्या. या घरात त्यांना कोणी कधी अडवत नसे, त्यामुळे त्या जरा बिचकल्याच.

"काय झालं? खोकल्याला मध लय चांगला. आमची पोरं काय अशीच वाढली का?"

"वाढली असतील. पण लस द्यायला गेलो तवा सिस्टर म्हनली, वर्षाच्या आत मध नाय म्हंजे नाय."

"मग ओव्याची धुरी तरी द्या."

"धूर तर मुळीच नको. आधीच तिचा जीव केवढासा."

"तुमच्याशी कोण बोलणार!" असं म्हणून बयाबाईंनी ते बोट स्वतःच चाटलं आणि मैनाच्या गालाला हात लावून त्या निघून गेल्या. मैना आबांच्या मांडीवर बसून हे सगळं डोळे मोठे करून पाहत होती. मग तिला पुन्हा उबळ आली. एवढंसं अंग पुढं वाकून खोकू लागलं. आबांनी तिला उभी धरून पाठीवरून हात फिरवला आणि उबळ जाईपर्यंत "झालं, झालं, गेला बघ" म्हणत राहिले.

आबांचं नाव कारभारी. निफाडकडच्या गावातून तरुणपणी सातपूरला आले आणि एका फाउंड्रीत लागले ते म्हातारे होऊनच बाहेर पडले. साच्यातून निघालेल्या लोखंडी भागांची वाळू झाडायची, कडा ग्राइंडरवर घासायच्या, हे त्यांचं काम. नोकरी संपली, मागोमाग पत्नी चतुराबाई गेल्या, आणि कामगार वसाहतीतल्या त्या बैठ्या घरात आबा दिवसभर एकटे बसू लागले. मुलगा संघर्ष कंपनीत पाळ्या करायचा, सून तेजल गंगापूर रोडला विमा कार्यालयात जायची.

मैना झाली. कागदावर तिचं नाव तेजस्विनी, पण आबांनी पहिल्या दिवसापासून मैनाच म्हटलं. तेजलची रजा संपत आली, तेव्हा पोरीला कोण सांभाळणार यावर घरात बोलणी सुरू झाली. पाळणाघरं बघून झाली. आबा कोपऱ्यातून म्हणाले, "मी हाय की."

दोघंही हसले. ज्या माणसानं स्वतःच्या मुलाला फार तर रविवारी उचलून घेतलं असेल, तो तान्ही पोर सांभाळणार?

पण आबा शिकले. लंगोट बदलायला शिकले, नाचणीची पेज गुठळी न होऊ देता ढवळायला शिकले. ग्राइंडर धरून राठ झालेल्या हातांना आधी खोबरेल लावायचं आणि मगच पोरीला हात लावायचा, हे तर त्यांचं त्यांनाच सुचलं. दुपारी मैना त्यांच्या छातीवर पालथी झोपायची. तिच्या श्वासाबरोबर त्यांच्या सदऱ्यावर लाळेचा ओला ठिपका मोठा होत जायचा, आणि आबा छताकडं बघत निश्चल पडून राहायचे. एवढं सुख त्यांना आयुष्यात कशाचंच झालं नव्हतं.

तिचा खोकला साध्या सर्दीनं सुरू झाला. वसाहतीतल्या डॉक्टरांनी नाकात घालायला थेंब दिले आणि सांगितलं, श्वास भरभर चालला, बरगड्यांखाली खळगा पडायला लागला किंवा दूध पिणं सोडलं, तर थेट दवाखाना गाठायचा. तेव्हापासून आबा दिवसातून कितीदा तरी तिचं झबलं वर करून छाती बघायचे. खळगा पडत नव्हता. ती पीतही होती. पण सर्दी गेली आणि खोकला राहिला. आठवड्यांमागून आठवडे राहिला. मागच्या महिन्यातलं झबलं तिला या महिन्यातही सैल होत होतं.

शेवटी तेजलनं अर्धी सुट्टी टाकली आणि गंगापूर रोडवरच्या लहान मुलांच्या डॉक्टर मॅडमची वेळ घेतली. आबाही निघाले. पोरगी दिवसभर काय खाते, किती खोकते, हे त्यांनाच तर ठाऊक होतं.

मॅडमनी मैनाला तपासलं, वजन केलं, भुवया जरा जवळ आणल्या.

"घरात कोणी सिगारेट, बिडी?"

"नाही," तेजल म्हणाली.

"डासांची कॉइल? उदबत्ती?"

"बंद केलीय, मॅडम."

"घरात अजून कोणाला खोकला आहे?"

"नाही. कोणालाच नाही."

आबांनीही मान हलवून दुजोरा दिला. आणि मग सवयीनं तोंड बाजूला करून खोकले. लांब, खोल, शेवटी जराशी शीळ वाजणारा तो खोकला.

मॅडमचं लिहिणं थांबलं. "आणि हा?"

"हा व्हय?" आबा हसले. "हा कंपनीचा हाय, मॅडम. लय जुना."

"किती जुना?"

आबांना सांगता येईना. तो खोकला म्हणजे त्या घरातला सगळ्यात जुना रहिवासी. गल्लीच्या तोंडाशी तो ऐकू आला की चतुराबाई तवा गॅसवर टाकायच्या. संघर्ष त्या आवाजात अभ्यास करून मोठा झाला.

"वजन कमी झालंय का तुमचं? संध्याकाळी अंग कढत लागतं?"

तेजलनं सासऱ्याकडं वळून पाहिलं. जणू पहिल्यांदाच पाहत असावी असं. गालाची हाडं वर आली होती. सदरा खांद्यावरून उतरला होता. आबांनी अलीकडंच पट्ट्याला खिळ्यानं नवं भोक पाडलं होतं, पण ते कोणाला सांगण्यासारखं त्यांना वाटलं नव्हतं. वय झालं की माणूस वाळतोच.

मॅडमनी आवाज न चढवता समजावलं. घाबरायचं नाही, पण दोघांची तपासणी आजच सुरू करायची. बाळाला असा खोकला लागतो तेव्हा कधी कधी तो घरातल्या मोठ्या माणसाच्या छातीतून आलेला असतो.

सरकारी दवाखान्यात आबांची थुंकी तपासायला दिली, छातीचा एक्स-रे काढला. बाळाला थुंकी काढून देता येत नाही, म्हणून मैनाच्या पोटात बारीक नळी घालून तपासणीसाठी पाणी काढायचं होतं. आत फक्त आईला सोडलं. बाहेरच्या बाकावर आबा मास्क लावून बसले होते. दाराआडून मैनाचं रडणं येत होतं. त्या रडण्यात मध्येच खोकला आला की आबांचा हात आपोआप उठायचा, पाठ चोळायला. समोर कोणी नसायचं. हात पुन्हा मांडीवर.

दोघांनाही क्षय निघाला. संघर्ष आणि तेजलचीही तपासणी झाली, ते सुटले.

दुसऱ्या दिवशी दुपारी तेजल आबांच्या खोलीच्या दाराशी आली, तर आबा पिशवी भरत होते.

"कुठं निघालात?"

"निफाडला. बहिनीकडं, लताबाईकडं."

"आत्यांच्या घरी दोन नातवंडं आहेत, आबा."

आबांचा हात पिशवीतच थांबला. हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

"मग मळ्यातल्या खोलीवर राहीन. एकटा."

"आणि गोळ्या? जेवण कोण देणार?"

आबा खाटेवर बसले. मास्कच्या आतून त्यांचा आवाज दबून येत होता. "पोरी, माझ्यामुळं झालं तिला. माझ्याच छातीवर झोपायची ती."

तेजल उंबऱ्यावरच टेकली.

"खोटं कशाला बोलू? मला राग आला होता तुमचा. काल दिवसभर आला होता. मग आठवलं, मॅडमनी विचारलं तेव्हा मीच नाही म्हणाले. मला तुमचा खोकला ऐकूच यायचा नाही, आबा. लग्न होऊन आले तेव्हापासून तो आहेच. या घरात कोणी कधी तुम्हाला म्हणालं का, दाखवून या म्हणून?"

आबांनी सदऱ्याची घडी पुन्हा पिशवीत दाबली.

"पिशवी रिकामी करा," ती म्हणाली. "खिडकी उघडी ठेवा. मॅडमनी सांगितलंय, हवा खेळती पाहिजे."

आबांच्या खोलीला गल्लीत उघडणारं दार होतं. तेच आता त्यांचं जाण्यायेण्याचं दार झालं. ताट उंबऱ्यावर यायचं. तेजलनं पुन्हा रजा घेतली. सकाळी संघर्ष वाटीत मैनाची गोळी पाण्यात विरघळवायचा, चमच्यानं पाजायचा, आणि मग गल्लीत येऊन विचारायचा, "आबा, घेतल्या?" आबा आतून म्हणायचे, "घेतल्या. तिनं घेतली का?"

संघर्ष कमी बोलणारा. निकाल आला त्या दिवसापासून तर फारच कमी. पण औषध लागू पडलं, आबांचा खोकला उतरू लागला, तसा तो पाळीवरून आला की चप्पल न काढता खिडकीशी येऊन उभा राहायचा.

"काय रे?" आबा विचारायचे.

"काही नाही. आवाज आला नाही, म्हणून बघायला आलो."

"बरा हाय मी."

"हं," म्हणून तो जायचा. एकदा गेला नाही. गजाला धरून उभा राहिला आणि म्हणाला, "तुमच्यासोबतचे जे लोक आहेत ना फाउंड्रीतले, त्यांनाही सांगा तपासून घ्यायला. मॅडम म्हणाल्या, धुळीनं छाती आधीच खराब झालेली असली की क्षय लवकर धरतो. मी घेऊन जातो हवं तर." आबांनी मान हलवली. पोरानं इतकं सलग बोललेलं त्यांनी बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं.

मैनाला ऊन दाखवायला तेजल गल्लीतल्या शेवग्याखाली बसायची. एकदा आबा दाराबाहेर आले, लांबच थांबले, आणि हात हलवला. मैनानं मास्क लावलेल्या त्या वाळक्या माणसाकडं पाहिलं, ओठ बाहेर काढला आणि भोकाड पसरलं. आईच्या मानेत तोंड खुपसून घेतलं.

"अगं आबा आहेत, आबा!" तेजल कासावीस होऊन म्हणाली.

"राहू दे, राहू दे," आबा म्हणाले. "मला आत काम हाय." आणि दार लोटून घेतलं. त्या दिवशी ताटातली भाकरी तशीच परत आली.

पण गोळ्या त्यांनी एक दिवसही चुकवल्या नाहीत. मैनाच्या अंगावर मांस आलं. तिचा खोकला आधी दिवसाचा गेला, मग झोपेतलाही गेला. बयाबाई कुंपणावरून म्हणाल्या, "पोरगी बाळसं धरतेय हो." आबा आतून म्हणाले, "दृष्ट लावू नका."

आबांची पुन्हा तपासणी झाली. मॅडमनी कागद पाहिले आणि म्हणाल्या, गोळ्या दोघांच्याही अजून बरेच महिने चालतील, पण आता आजोबांनी नातीला घ्यायला हरकत नाही.

रविवार होता. आबांनी अंघोळ केली, धुतलेला सदरा घातला आणि मधलं दार उघडून घरात आले. मैना चटईवर डबे वाजवत बसली होती. आबांनी हात पुढं केले.

मैनानं पाहिलं. डबा वाजवायचा थांबवला. आणि सरळ रांगत आईकडं निघाली.

तेजल तिला उचलून त्यांच्याकडं द्यायला पुढं आली, तर आबांनीच हातानं थांबवलं. "जबरदस्ती नको. तिला वाटंल तवा येईल."

ते भिंतीला टेकून खाली बसले, एक पाय पसरून. संघर्षनं उगीच वर्तमानपत्र उलगडलं. तेजल कुकर लावायला आत गेली. कुकरच्या शिट्ट्या झाल्या तरी मैना लांबूनच बघत होती. मग ती हळूच निघाली, मध्ये थांबली, पुन्हा निघाली, आणि आबांच्या पायाशी आली. दोन्ही मुठींत त्यांचा पायजमा पकडला, जोर लावला, आणि डुलत डुलत उभी राहिली. उभी राहायला शिकलीय, हे आबांना कोणी सांगितलं नव्हतं.

तिनं एक हात त्यांच्या गुडघ्यावर ठेवला आणि दुसऱ्या हातानं सदऱ्याचं खालचं बटण ओढून पाहू लागली. आबांच्या पायाला मुंग्या आल्या, मग तो पार बधिर झाला. त्यांनी पाय हलवला नाही.